चंद्राबाईंची टांगती मेथी

"हात नका लावू तिथं!" घरमालकीण हरणाबाईंनी चंद्राबाईंनी परसात लावलेली, चार बोटं आलेली मेथी मुळासकट उपटून गटाराकडे फेकली. "ह्या परसातलं आमच्या देवाच्या निवदाला जातं. तुमची जात ठावं असती, तर खोलीच दिली नसती बाई."

चंद्राबाई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. साताऱ्यातल्या दवाखान्यात त्या नर्स. सकाळी ज्या हातांनी दोन बाळंतपणं केली, त्याच हातांना इथे माती बंद! जातीपायी याआधी त्यांनी तीन खोल्या गुपचूप सोडल्या होत्या. चौथी सोडायची नाही आणि या बाईला खाली मान घालायला लावायची, हे त्यांनी तिथेच ठरवलं. चौऱ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच सरली होती.

रविवारी त्या तासगावला भावाकडे गेल्या आणि त्याच्या रानातली माती पोत्यात भरून एसटीने घेऊन आल्या. कंडक्टरने पोत्याचंही तिकीट फाडलं. द्राक्षांच्या रिकाम्या करंड्यांत गोणपाट घालून माती भरली आणि करंड्या आपल्या दारावरच्या पत्र्याला टांगल्या, नेमक्या हरणाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. वर सलाईनच्या धुतलेल्या बाटल्या उलट्या बांधल्या. थेंब थेंब पाणी सुरू. पौषाच्या थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर नुसती माजली. हरणाबाईंच्या वाफ्यात मात्र कीड पडली. त्या दिवशी चंद्राबाईंनी स्वतःसाठी शिरा केला.

मग करंडीतली मेथी कुणीतरी खुडू लागलं. रोज मूठभर. चंद्राबाई मनातून खूश झाल्या. चोर कोण याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. फक्त साक्षीदार हवे होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हरणाबाईंची ओसरी बायकांनी भरली, तेव्हा बोलावणं नसताना चंद्राबाई पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"वैनी, माझ्या हातची मेथी चोरून चालती व्हय तुमच्या देवाला?"

हरणाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "मी? शपथ घिऊन सांगते..."

"म्या खाल्ली," कोपऱ्यातल्या बाजेवरून त्यांचे सासरे लालासाहेब म्हणाले. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता ऐंशीचे. "काठीनं करंडी वढायचो. घरात नुसती पेज देत्यात मला. तुझी मेथी कवळी हाय पोरी, हिरड्यांनीबी चावता येती."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हरणाबाईंची मान खाली गेली ती वर येईना. चंद्राबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदारांचं ताट पायरीखाली चपलांच्या शेजारी होतं. तांब्याही वेगळा.

"बाटलेत ते," हरणाबाई खिडकीतून म्हणाल्या. "आता भाईरच जेवायचं त्यांनी."

 वार चंद्राबाईंनी केला होता आणि लागला होता म्हाताऱ्याला. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या बाईचा. खोलीत जाऊन त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं आणि ते घेऊन पायरीपाशी आल्या.

"आवं आबा, सरका जरा."

सुभेदारांनी हाताने चपला बाजूला सारल्या. चंद्राबाई त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. खिडकी धाडकन बंद झाली. दोघं जेवू लागली.