जाऊन येते

वीणा व्हायला निघालेलं फणसाचं लाकूड मी, झालो मात्र खेळ. आमच्या तंजावुरात वीणा कोरून उरलेले तुकडे चुलीत जातात. मला वीणा कोरणाऱ्या मुरलीअप्पांनी वाचवलं.

ते सांगत, "या झाडाचं एक फळ उचलायला देवळाचा हत्ती आणला. फळ बघून हत्तीच मटकन खाली बसला!"

"मग फळ कुणी उचललं, अप्पा?" त्यांची चिमुरडी लेक साईप्रिया विचारायची.

"मीच की गे! फळ या खांद्यावर, हत्ती त्या."

तिची आई नुकतीच वारली होती. पोर हसावी म्हणून अप्पा असलं काहीबाही बोलत, आणि म्हणूनच त्यांनी मला घडवलं.

पाट्या उचलून एकेक मांडायच्या, की गाव उभं राहतं: पाळणा, शाळा, कचेरी, लग्नाचा मंडप, शेवटी म्हातारपणीचा ओटा. घरात बोलायचे मराठी, पण तमिळ मुलखात वाढलेल्या दोघांनाही देवनागरी धड येईना, म्हणून पाट्यांवर चित्रंच. तिची सोंगटी तांबडी, अप्पांची काळी. एका पाटीवर बस होती. ती आली की सोंगटीनं गाव सोडायचं. पण सोडताना "जाऊन येते" म्हणायचं. नुसतं "जाते" म्हटलं किंवा म्हणायलाच विसरलं, तर सोंगटी डब्यात. मग ती परत यायची नाही.

बसची पाटी तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून अप्पा ती नेसलेल्या वेष्टीच्या ओच्यात लपवत. मी पाहत होतो, पण मीही त्यांच्याच घरचा.

पुढे, शिकून मोठी झाल्यावर, एक दिवस ती म्हणाली, "अप्पा, वेष्टी झाडा. कॅनडात नोकरी लागली."

अप्पांनी पाटी काढून दिली. दाराशी ती मोठ्यानं म्हणाली, "जाऊन येते!" आणि खरंच, दर दिवाळीला यायची. मधल्या काळात अप्पा कॉफीच्या पेल्याला फोन टेकवून माझ्यापुढे बसत, तिच्याही पाट्या तेच मांडत.

"अप्पा, लबाडी! माझा मंडप कुठं सरकवलात?"

"वारा गे, वारा! परवा बृहदीश्वराचा कळसही हालला."

शेवटच्या डावात अप्पांनी आपली सोंगटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता तुझी पाळी. उद्या खेळ." उजाडलं, पण ते उठलेच नाहीत.

साईप्रिया आली. दिवस-कार्य झालं. निघताना तिनं माझ्यावरची तांबडी सोंगटी उचलून मुठीत धरली, दाराकडे वळली आणि तोंड उघडलं, "जाऊन..."

शेजारच्या लावण्यामामींनी तिचा हात दाबला. "श्श! मृत्यूच्या घरातून निघताना 'येते' म्हणू नये गे. गप्प चल."

चुकलं कुणाचंच नाही. आमच्याकडे तीच रीत. तिनं सोंगटी डब्यात ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न बोलता गेली.

घराला कुलूप लागलं. मी मांडल्या डावासकट मामींच्या माळ्यावर, पितळी भांड्यांमागे. तेव्हापासून दोन दिवाळ्या गेल्या. खाली फटाके वाजतात, कुणी जिना चढलं की मला वाटतं...

तुम्हाला ती कुठं भेटली, तर एवढं सांगा: ती रीत माणसांना, लाकडाला नाही. मामींना ऐकू जाणार नाही, तिथूनच हळूच म्हण, जाऊन येते. अप्पांची सोंगटी ओट्यावर बसून आहे. पाळी तुझीच आहे गे.