सगुणाबाईंचं नक्त

"काल रात्री काय जेवलात, अम्मा?"

सगुणाबाईंनी पदर सारखा केला. डॉक्टर रम्या कन्नडमध्येच बोलायच्या, आणि सगळा जन्म बेंगळुरात गेलेल्या सगुणाबाईंना ती भाषा घरच्यासारखीच होती. तरी या खोलीत आलं की जीभ जड व्हायची.

"दूध घेतलं. अर्धा पेला."

"आणि परवा?"

"दूधच. चातुर्मास आहे ना. आषाढी एकादशीपासून एकभुक्त धरलंय. दुपारी एकदाच जेवायचं. आई गेली माघात, तिच्यासाठी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मघाशी त्यांनी वजन पाहिलं होतं, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का ते निरखलं होतं. कानात आवाज पुन्हा येतो असं सगुणाबाईंनी म्हटल्यावर गोळी वाढवायला त्या निघाल्याच होत्या.

"गोळी रोज रात्री घेता?"

"एकही चुकवली नाही. देवाशपथ."

"चुकली नाही, पण निम्मी वाया गेली. ही गोळी भरल्या पोटीच अंगाला लागते, अम्मा. दुधावर नाही, नीट जेवणावर. दुपारी घ्याल तर मशीनवर झोप येईल, म्हणून रात्रीच. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की."

सांगितलं होतं खरं. पण ते ऐकून घेणारी आई होती. आधीच्या गोळ्यांनी अंग सुटलं, साखर वाढली, म्हणून ही नवी दिली, तेव्हाही डॉक्टरांपुढे आईच बसली होती. आधी ताट, मग गोळी, हा क्रम तिचा. सगुणाबाईंना ती आईची माया वाटायची; तो औषधाचा भाग असेल हे कधी मनातच आलं नाही.

"नशीब विचारलं मी," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी वाढवली असती, आणि कार्तिकात तुम्ही पुन्हा जेवायला लागल्यावर एकदम जास्त औषध अंगात गेलं असतं. पायांना चैन पडलं नसतं. बसलात की उठावं वाटलं असतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आवाज कुणाचा येतो?"

"आईचा."

"काय म्हणते?"

"काही वाईट नाही. ऊठ, नळाला पाणी आलंय म्हणते. दुकानात फॉल लावताना, टाका बारीक घाल म्हणते."

"आणि तो दुसरा?"

तरुणपणी त्याच आवाजाने सगुणाबाईंना यशवंतपूरच्या रुळांपर्यंत चालवत नेलं होतं. भाऊ जयसिंगराव धावत आला, म्हणून आजचा दिवस दिसत होता.

"बोलत नाही तो," त्या हळूच म्हणाल्या. "आईच्या मागे उभा राहून खाकरतो फक्त."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "अम्मा, आई राहील आणि तो जाईल, असं मला करता येत नाही. तशी गोळी नाही."

"सरी, बरं," सगुणाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

जयनगरच्या दुकानात त्या मशीनवर बसल्या तेव्हा मालक मल्हारराव साड्यांच्या घड्या लावत होते. फॉल-पिकोचं ते एवढंसं दुकान. दोघांत एक पंखा.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"रात्री जेवा म्हणाल्या."

"बघा. एवढं सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? माझी बायको फुकट सांगते." मल्हाररावांनी आवाज उतरवला. "अक्का, परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, कानात ते फोनचं बटण घालून शिवतात काय तुमच्या बाई. मी होय म्हटलं."

सगुणाबाईंनी सुईत दोरा घातला. म्हणजे आपण मोठ्यानं बोलत होतो. त्यांना वाटायचं, ओठसुद्धा हलत नाहीत.

"त्या काठाला दोरा गडद लागेल, सगे," आई म्हणाली.

दोरा खरंच फिका होता. सगुणाबाईंनी रीळ बदललं. हे सोडायचं? यंदाच्या श्रावणात पहिल्यांदा हाक आली तेव्हा त्या देवापुढे बसून रडल्या होत्या. व्रत फळलं, असं त्यांना वाटलं होतं. घरी कुलूप उघडलं की विचारणारं कोणी नव्हतं. भाऊ होसकोटेला, त्याचा फोन रविवारी. आणि देवाने दिलेलं माणूस वरणभाताने घालवून द्यायचं?

संध्याकाळी त्या विठ्ठलाच्या देवळात गेल्या. पुजारी वादिराज आचार तुळशीची पानं निवडत बसले होते. गोळीचं सगळं त्यांना ठाऊक होतं. आईने कधीच सांगून ठेवलेलं.

"आचार, एकभुक्त धरलंय. आता डॉक्टर म्हणतात, रात्री पोटभर जेवा. म्हणजे संकल्प मोडतो की."

"कशाला मोडेल? नक्त धर, अक्का. दिवसा उपास, चांदणी दिसली की जेवण. तेही एकदाच. दुपारी स्वल्प दूध, फळ घे. आणि औषध चालू असलेल्या माणसाला देव कशाला अडवतोय? तुझी आई असती तर तिनेच ताट वाढलं असतं."

सगुणाबाईंनी तीर्थ घेतलं, पण पाय निघेनात. आपण 'संकल्प मोडतो' हेच ऐकायला आलो होतो, हे त्यांना तिथे खांबाला टेकून उभं असताना कळलं. देवाचं नाव पुढे करायची सोय आचारांनी काढून घेतली होती. आता उरलं होतं ते फक्त स्वतःचं ठरवणं.

मागे कोणीतरी खाकरलं. त्यांनी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

घरी येऊन त्यांनी कुकर लावला. कणीक मळली, दोडक्याची भाजी फोडणीला टाकली. कित्येक दिवसांत रात्रीच्या स्वयंपाकाचा वास असा घरात फिरला नव्हता. गच्चीच्या दारातून चांदणी बघून त्या पाटावर बसल्या.

"आई, मी जेवते आता," त्या म्हणाल्या.

"जेव की. मी कुठे जाते?" आई म्हणाली.

घास तोंडात फिरत राहिला. तरी त्यांनी ताट संपवलं आणि गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशीही आई बोलली, तिसऱ्याही. आठवडा गेला तशी हाक लांबून यायला लागली. आधी शेजारच्या घरातून यावी तशी, मग रस्त्यापलीकडून. शब्द गेले, नुसता सूर राहिला. खाकरणं तर कधी थांबलं ते कळलंही नाही. मल्हारराव एकदा म्हणाले, "अक्का, हल्ली गप्प असता." सगुणाबाईंनी मान हलवली आणि पुढची साडी ओढली.

नवरात्राच्या तोंडावर एका संध्याकाळी जेवताना त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी कान दिला. वरच्या मजल्यावर कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, रस्त्यावर एक रिक्षा वळली. तेवढंच. हातावरचा भात वाळायला लागला.

मग त्यांनी ताटात ताक ओतलं, राहिलेला भात कालवला आणि शेवटच्या घासापर्यंत सावकाश जेवल्या. हात धुऊन पदराला पुसले. गोळी घेतली.