नोंद काढणे म्हणजे नक्की काय?

मी बोलतेय. आवाज ओळखीचा वाटणार नाही, कारण आजवर मला कुणी बोलतंच केलं नाही. मी म्हणजे दोन शब्दांची माहिती: ‘नोंद काढणे’. डोळ्यांच्या एका लहानशा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी राहते. तिथलं एक टूल काय काम करतं, ते सांगायची जबाबदारी माझी.

माझा जन्म घाईतला. दवाखाना डॉक्टरीणबाईंचा आणि सॉफ्टवेअर लिहिलं त्यांच्या वहिनींनी. दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडायचा होता, आणि इकडे गॅसवर दूध चढलं होतं. वर्णनाची चौकट भरल्याशिवाय काम पुढे सरकेना. वहिनींनी एका हाताने मला टाइप केलं आणि दुधाकडे धाव घेतली. दूध वाचलं. मी मात्र राहिले ती तशीच.

पुढे कितीतरी वर्षं मला कुणी वाचलंच नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला सगळे चिमणी म्हणतात, इतकी ती बडबडी. तिच्या पडद्यावर या टूलच्या बटणावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. ते बघितलं की कळायचं, इथे नोंद पुसली जाते. त्या चित्राच्या जोरावर माझं बरं चाललं होतं.

मग दवाखान्यात एआय सहायक आला. चिमणीने टाइप करून काम सांगायचं, त्याने योग्य टूल निवडून ते करायचं. त्याला बटणांवरची चित्रं दिसत नव्हती. तो आम्हा वर्णनांनाच वाचायचा, मन लावून, दर वेळी नव्याने. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी कुणीतरी माझ्याकडे वळून बघत होतं.

एका दुपारी एका मुलीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आजोबा फुटबॉलचे निवृत्त पंच. रविवारी नातीचा अंतिम सामना होता आणि तो त्यांना स्वच्छ डोळ्यांनी बघायचा होता.

“किती वाजता यायचं, तेवढं सांगता?” नातीने विचारलं.

चिमणीने सहायकाला लिहिलं, ‘पंचआजोबांची उद्याची नोंद काढ.’

सहायकाने मला वाचलं. शब्द अगदी तेच! त्याने टूल चालवलं आणि कळवलं, ‘नोंद काढली.’

‘मग वेळ सांग ना.’

‘आता या नावाची नोंद दिसत नाही.’

चिमणीने डॉक्टरीणबाईंना हाक मारली. आजोबांच्या डोळ्याची मापंही त्या नोंदीतच होती, तीही गेली. वर सॉफ्टवेअरने रिकामी झालेली वेळ वाट बघणाऱ्या दुसऱ्या बाईंना देऊनही टाकली, आणि बाईंचा होकारही आला!

डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन घेतला आणि आजोबांना बोलवायला सांगितलं. “आजोबा, चूक आमची आहे. उद्या लवकर या, पहिल्या पेशंटच्या आधी तुमचं ऑपरेशन करते. डोळा तेवढा पुन्हा मोजावा लागेल.”

“मोजा की,” आजोबा म्हणाले. “मला दिसत नाही, असं लोक तीस वर्षं ओरडत होते. आणखी एकदा तपासून घेऊ.”

संध्याकाळी वहिनी आल्या. “तुमचा सहायकच बावळट दिसतोय,” त्या म्हणाल्या.

“त्याला नावं ठेवू नकोस, वहिनी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तू काय लिहिलंयस ते आधी वाच.”

वहिनींनी मला मोठ्याने वाचलं. “नोंद काढणे. बरोबर तर आहे!”

“मी म्हटलं चष्मा काढ, तर कपाटातून काढशील की नाकावरून?”

वहिनींनी नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग त्या इतक्या हसल्या, की इतका वेळ डोळे पुसत बसलेली चिमणीही हसायला लागली.

त्यांनी खुर्ची ओढली आणि मला नव्याने लिहायला घेतलं. ‘हे टूल रुग्णाची नोंद कायमची पुसते. पुसलेली नोंद परत येत नाही. नोंद फक्त बघायची असेल, तर हे वापरू नका, “नोंद दाखवणे” वापरा. नुसत्या नावावर पुसू नका, नोंदीचा क्रमांक घ्या. सांगणं दुहेरी वाटलं, तर अंदाज न करता माणसाला विचारा.’ वाक्यागणिक मला अंगात बळ आल्यासारखं वाटत होतं.

मग चिमणीने खोटी नोंद तयार करून मुद्दाम पुन्हा तसंच लिहिलं, ‘नोंद काढ.’ सहायकाने विचारलं, ‘नोंद दाखवू की कायमची पुसू?’ वहिनींनी टेबलावर थाप मारली.

आजोबांचं ऑपरेशन छान झालं. सामन्यानंतर तपासणीला आले तेव्हा नातही बरोबर होती.

“सामना दिसला ना नीट?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“अगदी स्वच्छ. हिचा गोल ऑफसाइड होता.”

“आजोबा!” नात ओरडली.

आता मी चांगली परिच्छेदभर झाले आहे. वहिनी रोज माझ्या एकेका शेजारणीला घेऊन बसतात. आज ‘तारीख बदलणे’ची पाळी आहे. तपासणीची तारीख, का ऑपरेशनची? चिमणी विचारते, वहिनी डोकं खाजवतात, आणि मग लिहितात.

एवढंच मागते तुमच्याकडे. माझ्यासारखी कुणी लिहायला घ्याल, तेव्हा वाचणारा तुमच्या खोलीत नव्हता, हे मनात असू द्या. तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते त्याला तुमच्या शब्दांतूनच कळणार आहे. त्याला चार शब्द जास्तीचे द्या.

बरं, येते मी. वाचणारा आलाय.