खांबापाशी गेलेला चेंडू

साहेब, मैदानातल्या त्या दिव्याच्या खांबाचं झाकण तुम्ही बसवलं नाही. उघड्या वायरी लोंबत होत्या. सांगून सांगून लोकांची तोंडं दुखली. तुम्ही आला नाहीत, म्हणून ग्लेनरॉय मेला. आधी हे ऐका, मग माझी गोष्ट.

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. जालंधरला एका बाईने मेणाच्या दोऱ्याने मला शिवलं. तिथून पार्ल्याच्या दुकानात आलो, आणि दुकानातून जोगेश्वरीच्या मैदानावर. गावठाणातली आणि चाळीतली पोरं मिळून एक टीम होती. लाथा पुष्कळ खाल्ल्या, पण खोटं कशाला बोलू, लाडही झाले. कप्तान ग्लेनरॉय मला घरी नेऊन पुसायचा. शिवण उसवली की त्याची आई मेबल ती गोधडीच्या सुईने टाचायची.

मैदानाचा एक कायदा होता. ज्याने बाहेर मारला, त्यानेच आणायचा. जुलैतल्या त्या संध्याकाळी लवूने मला बाहेर मारलं. मी थेट खांबाच्या बुंध्याशी, डबक्यात. लवूच्या पोटरीत गोळा आला होता. ग्लेनरॉय हसला, "बस रे म्हाताऱ्या, मी आणतो. वडापाव तुझ्याकडून." त्याने डबक्यात पाय टाकला, तोल सावरायला खांबाला हात लावला, आणि संपलं. मला काहीच झालं नाही. माझ्या पोटात रबर आणि वारा, विजेला माझ्याशी काय देणंघेणं!

मग मी मेबलच्या पलंगाखाली पडून राहिलो. हवा गेली, धूळ बसली. साहेब, तुमची माणसं आली, फोटो काढले, खांबाला 'धोका' अशी पाटी बांधली आणि गेली. झाकण नाही ते नाहीच.

डिसेंबरात पोरं मला मागायला आली. लवू दारातच थांबला. "मी नाय खेळणार, आंटी. माझ्या पायामुळे गेला तो."

"गप रे! तुझा पाय काय वायर आहे?" मेबल कडाडली. "तुम्ही नाय खेळलात तर उद्या तिथे गाड्या लावतील. चल, हवा भर त्याच्यात."

पहिल्या सामन्याला दहाच जण उतरले. अकराव्याची जागा कोणी घेईना. पाय ओढत खेळत होती पोरं. लवू तर मला नुसता हळूच ढकलायचा, जणू मी काचेचा. तेवढ्यात कार्लचा फटका चुकला आणि मी घरंगळत पुन्हा त्याच खांबाशी. सगळे थिजले. कायद्याप्रमाणे कार्ल निघाला. लवूने धावत जाऊन त्याची कॉलर धरली. "येडा झालास काय? खड्ड्यात गेला तो कायदा!"

खांबात वीज आहे की नाही, कोणाला ठाऊक? कोणी हलेना. तेव्हा कडेला बसलेली मेबल उठली. तिने घरून कपडे वाळत घालायची बांबूची काठी आणली होती. आम्हाला वाटलं, टेकायला असेल. लांब उभी राहून तिने त्या काठीने मला ओढलं आणि लवूच्या पायाशी लोटलं.

"मार," ती म्हणाली.

लवू रडत होता. पण त्याने मारलं, सगळा जीव लावून. कितीतरी दिवसांनी मला दुखलं.

आता पाण्याच्या बाटल्यांशेजारी ती काठी ठेवल्याशिवाय सामना सुरू होत नाही. मी थकलोय, शिवणी सैल झाल्यात. मित्रांनो, खेळून झालं की मला पुसा, उन्हात टाकू नका. तुमच्याकडे एवढंच मागणं.

पण साहेब, तुमच्याकडे मागणं दुसरं आहे. ज्या आईचा पोरगा गेला, तिने काठी आणली. झाकण कोण आणणार? कधी? उत्तर द्या.