कणकेच्या गोळ्या

"देखा, देखा, कसा मांगी ऱ्हायनात बिचारा!"

हिंमतरावांनी धोतराच्या सोग्यातून कणकेची गोळी काढली, कपाळाला लावली आणि काचेच्या पेटीत सोडली. गोळी पाणगवताच्या पात्यांतून हेलकावत खाली गेली आणि वाळूवर कालच्या गोळ्यांशेजारी जाऊन बसली. एकाही माशाने तिला तोंड लावलं नाही. ते सगळे वर होते, पाण्याच्या कडेला. तोंडं उघडत होते, मिटत होते, उघडत होते.

"हिलालआप्पाले पोची गयं," हिंमतराव म्हणाले. ओट्यावर बसलेल्यांनी माना हलवल्या.

जसोदा उंबऱ्याच्या आत उभी होती. आप्पांना जाऊन आज पाचवा दिवस होता. माशांना घातलं की आप्पांना पोचतं, हे दारावर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकून तिचे कान किटले होते.

"हिंमतकाका," ती म्हणाली, "त्या मांगी नही ऱ्हायनात. त्यासले दम लागेल शे."

"दम? मासाले?" हिंमतरावांनी तिच्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "मास्तरीण, मासा पानीमाच ऱ्हास. त्याले कसाना दम?"

ओट्यावर कुणीतरी हसलं, आणि हे सुतकाचं घर आहे हे आठवून खोकलं.

जसोदा नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. माणूस हवेत राहतो तरी त्याला धाप लागते, तसंच माशाचंही असतं, पाणी नासलं की त्यातला श्वास संपतो, हे तिने चौथीच्या मुलींना खडूने चित्र काढून सांगितलं असतं. पण बापाच्या सुतकात धोतर-टोपीतल्या आठ माणसांना फळा कुठला दाखवणार? ती आत गेली.

पेटी तिच्या लहानपणापासूनची. हिलालआप्पा नंदुरबारच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. औषधांचं जुनं कपाट मोडीत निघालं तेव्हा त्याच्या काचा त्यांनी मागून घेतल्या, लोहाराकडून लोखंडी चौकट करवून घेतली, खडू आणि जवसाच्या तेलाची लांबी स्वतः मळून भरली. पहिल्यांदा गळली, दुसऱ्यांदा गळली, तिसऱ्यांदा धरली. पेन्शनीत रनाळ्याला परत आले तेव्हा बैलगाडीत चाऱ्यावर ही पेटी आणि तिच्या शेजारी, तिला हाताने धरून, आप्पा. गावाने तो किस्सा पुष्कळ दिवस पुरवला.

मासे साधेच होते, नाल्यातले. चांदीच्या टिकल्यांसारखे चपळ, दोन अंगावर काळे पट्टे असलेले, चार असे की काचेसारखं अंग आणि आतलं काट्याचं हाड दिसावं. तळाशी वाळूत तोंड खुपसून बसणारी एक म्हातारी मुरी. हे सगळे एकत्र सुखाने राहावेत म्हणून आप्पा काय काय करत ते त्यांनी कुणाला कधी समजावलं नाही, पण जसोदाने पाहिलं होतं. पाणी विहिरीचं कधीच नाही, ते खारट. नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून पाणी आणायचं, दोन दिवस सावलीत रांजणात निवू द्यायचं, मग दर चौथ्या दिवशी पेटीतलं चार तांबे काढायचं आणि हे चार तांबे घालायचं. सडकं पान बोटाने खुडायचं. आणि खाणं? चिमटीत मावेल तेवढं, दिवसातून एकदा. कुणी जास्त टाकायला गेलं की आप्पा हात धरत. "औषध आनि अन्न, दोन्ही डोसमा," म्हणत. एकादशीला माशांनाही उपास. गावातल्या बायका हसत, की कंपाउंडरच्या घरचे मासे माळकरी.

आप्पा गेले त्या दिवशी रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून दिलं. हंडे, कळश्या, माठ. आणि सावलीतला तो रांजणही. जसोदा नंदुरबारहून येऊन पोचली तेव्हा अंगणातली ओली माती अर्धी वाळली होती. रडून झाल्यावर, तिसऱ्या प्रहरी, तिचं लक्ष उपड्या रांजणाकडे गेलं. त्या वेळी पेटीत एकोणीस मासे होते.

आता अकरा होते. तिने पुन्हा मोजले.

वर चैत्राचं ऊन. पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. ती तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वाटीने तळातल्या गोळ्या काढत होती आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा तितक्याच होत होत्या. मासे दम लागून वर येत, लोक म्हणत, भूक लागली, गोळ्या टाकत, गोळ्या नासत, मासे आणखी वर येत. ह्या चक्रात हात घालायला तिला कुठे जागाच सापडत नव्हती. आणि टाकणारे काही वाईट करत नव्हते. हेच असह्य होतं. आप्पांनी कुणाच्या पोराला रात्री उठून काढा करून दिलेला, कुणाच्या बैलाने फोडलेली मांडी बांधलेली. ती माणसं चालत, उन्हातून, घरून कणीक मळून आणत होती.

"नवल," तिने भावाला आत बोलावलं. "लोकसले सांग ना. तू सांगशी ते ऐकतीन."

नवलने डोकं भादरलेलं होतं, डोळे सुजले होते. "काय सांगू? तुम्हनं पुन्य घरी लई जा असं सांगू? बाप मरना आनि पोरगा दारवरना लोकसले हाकली ऱ्हायना, असं म्हनतीन."

"मंग झिरानं पानी तरी आनी दे."

"आनी देस," तो म्हणाला. तिच्यावर नाही, सगळ्यावरच वैतागून म्हणाला.

तो गेला खरा. पण वाटेत मळ्याचा गडी वाहरू भेटला, तेराव्याच्या पत्रावळीचं विचारायला कुणी आलं, आणि नवलने जवळच्या विहिरीतून दोन घागरी भरल्या. जसोदा आत छबूफुईची, तिच्या आत्याची, पाठ चेपत होती. ती बाहेर येईपर्यंत त्याने दुसरी घागर पेटीत उपडी केली होती. थंडगार, खारट, एका दमात. वाळू उसळली, पाणगवत मुळासकट वर आलं.

"झायं ना? व्हयनं ना ताजं पानी?" नवल कपाळाचा घाम पुसत म्हणाला.

जसोदाने तोंड उघडलं. भावाच्या भादरलेल्या डोक्यावर वस्तऱ्याची एक बारीक खूण होती, तिच्यावर माशी बसत होती. तिने तोंड मिटलं.

संध्याकाळी चार मासे काढले. काचेसारखे होते ते चारही. मेल्यावर ते आरपार दिसत नाहीत, दुधासारखे पांढरे होतात, हे तिला ठाऊक नव्हतं. आप्पांनी ते कधी पाहू दिलं नव्हतं.

रात्री तिने पेटीवर आप्पांचं धोतर चार पदरी करून टाकलं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

सकाळी धोतराची व्यवस्थित घडी करून ते पेटीखाली ठेवलेलं होतं. तळाशी पाच नव्या गोळ्या. आणि काचेवर, बाहेरून, ओल्या कणकेच्या बोटांचे ठसे. चार बोटांचे सरळ, करंगळीचा आडवा. ती वाकडी करंगळी घरात एकाच हाताला होती.

छबूफुई, आप्पांची थोरली बहीण, पेटीसमोर पाय पसरून बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली. मांडीवर वाटी, वाटीत कणकेचा गोळा. ती त्याचा तुकडा तोडत होती.

जसोदाच्या मनात पाच दिवस दाबलेलं सगळं वर आलं.

"फुई! बस कर! तू मारी ऱ्हायनी त्यासले!"

फुईचा हात थांबला.

"त्या भुक्या नहीत. कितलींदाव सांगू? आप्पा एकच चिमटी टाके. एक! तू दिनभर टाकस, लोक टाकतस, पानी सडी गयं. एकोनीस व्हतात, फुई. आते सात शेत. आप्पानं एवढंच तर जितं ऱ्हायनं व्हतं घरमा."

ओट्यावर झाडणारी बाई केरसुणी तशीच धरून उभी राहिली. फुईने काचेकडे पाहिलं. पट्ट्यांचा एक मासा वर येऊन तिच्यासमोर तोंड उघडत होता.

"हिलालले मीच भरवं धाकलपने," ती म्हणाली. "माय मरनी तैं तो दीड वरीसना व्हता. मन्हा हातथून खाये. दुसराना हातथून नही खाये. ह्या खेपले मी तीन दिन त्याना उशाले बठनू, हातमा पेजना चमचा लिसन. त्यानी तोंड उघाडंच नही." तिने वाकड्या करंगळीने काचेला स्पर्श केला. "ह्या ते उघाडतस, माय."

जसोदा खाली बसली. तिने फुईच्या मांडीवरची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"मंग मी काय करू?" फुईने विचारलं. ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती. "लोकसले गोळी टाकाले मिळस. मी रिकामा हात लिसन बठू का?"

जसोदा उठली. केरसुणीवाल्या बाईला तिने हातापाया पडून झिऱ्यावर धाडलं, कारण सुतकात घरच्या बाईने झिऱ्यावर जायचं नव्हतं. दोन कळश्या आल्या. त्या तिने ओटीच्या सावलीत ठेवल्या, दोन दिवस नाही तरी दुपार टळेपर्यंत. तोवर पेटीतल्या सगळ्या गोळ्या काढल्या, उपटलेलं पाणगवत एकेक करून वाळूत रोवलं. ऊन ओसरल्यावर आप्पांचा चौकोनी तळाचा पितळी लोटा घासून आणला आणि फुईच्या हातात दिला.

"हाई पानी भर. हात उच्च कर. सूर्याले पानी देतस ना, तसं. बारीक धार. घाई नको करू."

"यानी काय व्हस?"

"त्यासले दम खावाले मिळस."

फुईने लोटा उचलला. धार तुटत होती, पुन्हा लागत होती. एक लोटा पेटीतला काढायचा, एक कळशीतला घालायचा. पाण्यावर बुडबुडे उमटत आणि खाली जात. ओट्यावर माणसं आली, बसली, पाहत राहिली. म्हातारी कुणाकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा मासे होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच. मग पाचच राहिले.

तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, पंगती उठल्यावर हिंमतराव पेटीपाशी आले. सोग्याकडे हात गेला.

"ए हिंमत," फुई जागेवरूनच ओरडली. "हात खाले कर! आज त्यासना उपास शे."

"आज कसाना उपास, छबूबाई? आज ते गोड जेवनं!"

"मन्हा भाऊना घरना मासा शेत त्या. तुले काय ठाऊक? डोसमा खातस त्या."

हिंमतरावांनी गोळी परत सोग्यात गुंडाळली. नवल खाली मान घालून हसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

जसोदाला दुसऱ्या दिवशी शाळेत हजर व्हायचं होतं. गाडी जुंपलेली होती. ती पेटीशी वाकली. पाणी अजून पुरतं निवळलं नव्हतं. पाणगवताची दोन पाती नवी फुटली होती. म्हातारी मुरी वाळूत तोंड खुपसून बसली होती, जिवंत आहे की नाही ते तिला कळेना. मग मुरीच्या मिश्या हलल्या.

लोखंडी चौकटीच्या कडेवर कणकेची एक गोळी ठेवलेली होती. जसोदा ओरडली त्या सकाळची, फुईच्या हातातली, टाकायची राहून गेलेली. वाळून दगडासारखी झाली होती आणि तिच्यावर वाकड्या करंगळीचा ठसा अजून स्पष्ट दिसत होता. जसोदाने ती उचलली, पाहिली, आणि होती तिथेच परत ठेवली.

फुईने लुगड्याच्या पदराला हात पुसले, मग लोटा भरला.