घोरोबाचे पांढरे कागद

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या जिन्याखाली, पाय मोडलेल्या खुर्च्यांच्या शेजारी, तिरक्या छपराची एक पत्र्याची पेटी दिसते ना, तो मी. हवा ओढणारं जुनं यंत्र. मला हातपाय नाहीत. आहे तो एक लांबलचक श्वास, आणि त्या एका श्वासावर मी एकवीस वर्षं काढली.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. म्हाताऱ्या फिटरने माझ्या पोटात मोटर बसवली, बटण दाबलं, माझ्या तोंडावर तळहात धरला आणि म्हणाला, "ओढतोय." एवढंच. पण आयुष्यातली पहिली शाबासकी कोण विसरतं? माझं काम सोपं होतं. छपराखाली वहीच्या पानाएवढा पांढराशुभ्र कागद ठेवायचा. मी दिवसभर हवा ओढायची, म्हणजे हवेतली धूळ कागदावर राहते. मग तो कागद पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे मॅडम त्याचं वजन करत, तो आम्लात मुरवत आणि त्यात कोणकोणते धातू आहेत ते शोधत. मॅडम म्हणजे रसायनशास्त्रज्ञ, आणि कामाला अगदी वाघ.

या मॅडमनीच मला वाळवंटाच्या कडेच्या एका लहान गावात नेलं आणि शाळेच्या गच्चीवर बसवलं. माझा घर्र-घर्र आवाज ऐकून मुलांनी माझं नाव ठेवलं घोरोबा. मी रागावलो नाही. खरं तर मी झोपेतच असायचो म्हणा. उत्तरेकडून वारा आला की आटलेल्या तळ्याचं मीठ यायचं, आणि मला पाणी दिसायचं, पाण्यावर होड्या दिसायच्या. पूर्वेकडून चुलींचा धूर यायचा. कधी कुठल्या काटेरी झुडपाचे पिवळे परागकण येऊन कागदावर अलगद बसायचे. जग माझ्याकडे चालत येतंय असं वाटायचं. फक्त पश्चिमेचा वारा आला की जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव लागे, आणि माझं स्वप्न मोडे.

पश्चिमेला धातू वितळवण्याची एक बंद पडलेली भट्टी होती. तिच्या राखेचा टेकडीएवढा ढीग उघड्यावर पडून होता. गावातल्या मुलांची पोटं दुखत, पाठ केलेलं ती विसरून जात, आणि तपासलं तेव्हा त्यांच्या रक्तात शिसं सापडलं होतं. शाळा त्या ढिगाच्या ऐन वाऱ्यात. ढिगातलं शिसं हवेतून येतं असा मॅडमना दाट संशय होता. गावच्या समितीचं म्हणणं, पाण्यातून येत असेल, रंगातून येत असेल. हवेतून येतं हे दाखवा, मग शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवू आणि ढीग झाकू. म्हणजे सगळं माझ्या कागदांवर येऊन ठेपलं होतं.

रोज कागद बदलायचं काम शाळेच्या शिपाईकाकांकडे होतं. मॅडमनी त्यांना अकरा सूचना लिहून दिल्या होत्या. कागदाला बोट लावायचं नाही, चिमट्याने धरायचा, मळकी बाजू आत घेऊन दुमडायचा, यंत्र बंद करायचं नाही, असं सगळं. काकांना त्या तोंडपाठ होत्या. त्यांचा माझ्यावर भारी जीव. रोज ओल्या फडक्याने माझं छप्पर पुसत आणि पुसताना आपल्या नातीचं कौतुक सांगत. ही त्यांच्या मुलीची मुलगी, याच शाळेत शिकणारी. एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

पहिलं धुळीचं वादळ आलं तेव्हा काका धापा टाकत गच्चीवर आले. त्यांनी एक जाड गोधडी माझ्यावर पांघरली, चारी बाजूंनी खोचली आणि वरून दोरी आवळली. यंत्र बंद करायचं नाही, हे त्या अकरा सूचनांत होतं. झाकायचं नाही, हे नव्हतं. मी आत घोरत राहिलो, तीच ती कोंडलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत. मित्रांनो, आता लपवून काय करू? मला ते फार आवडायचं. बाहेर आभाळ कोसळतंय आणि आपण उबेत पडलोय, कुणीतरी आपली काळजी घेतंय, यासारखं सुख नाही. वादळ सरलं की काका गोधडी झटकत आणि मला म्हणत, "वाचलास बघ."

तीन वर्षं हे असंच चाललं. माझे कागद जात राहिले, आणि शिसं त्यावर नावालाच सापडे. या तीन वर्षांत भिंगरी मंदावली. तिचं पोट दुखायचं, चेहरा पांढुरका पडला, मैत्रिणींनी हाक मारली तरी ती पायरीवर बसून राहायची. काका आता मला पुसताना तिच्याबद्दल बोलत नसत.

शेवटी समितीने निकालाची तारीख ठरवली. मॅडम मला उतरवून न्यायला आल्या, पण जाण्यापूर्वी त्यांना एक शंका आली. वादळ आल्यामुळे शाळा कोणकोणत्या दिवशी मध्येच सोडावी लागली होती, ते त्यांनी शाळेच्या रजिस्टरमधून उतरवून घेतलं आणि त्याच दिवसांची कागदांची वजनं शेजारी मांडली. बघतात तर वादळातले कागद इतर दिवसांपेक्षाही पांढरे. त्यांनी शिपाईकाकांना बोलावून विचारलं, "वादळात तुम्ही यंत्राचं काय करता, काका?"

"झाकतो की," काका अभिमानाने म्हणाले. "अशी गोधडी घातलीय, एक कण आत जायचा नाही."

मॅडमनी वजनांची यादी काकांसमोर ठेवली. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की ढिगातली राख उडते ती वादळातच, आणि तीच पकडायला हे यंत्र इथे ठेवलंय. काकांनी गोधडीची घडी माझ्यापासून दूर सारली. मलाही तेव्हाच कळलं की मी सुखाने पडलो होतो त्या प्रत्येक दुपारी ती पोरं धूळ ओढत होती. माझं काम ती करत होती.

"चूक माझीसुद्धा आहे," मॅडम म्हणाल्या. "अकरा सूचना लिहिल्या, बारावी मला सुचली नाही."

निकालाला चार दिवस उरले होते. मॅडम गावातच थांबल्या आणि आम्ही तिघं पश्चिमेकडे डोळे लावून बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. सगळी मुलं घरात दारंखिडक्या लावून बसली. काका नाकातोंडाला ओलं फडकं बांधून माझ्यापाशी उभे राहिले. कागद भराभर भरत होते, म्हणून दर अर्ध्या तासाने चिमट्याने नवा लावायचा. एकाही कागदाला त्यांनी बोट लागू दिलं नाही. माझ्या पोटात वाळू शिरली, मोटर तापली, ठिणग्या उडाल्या. स्वप्न वगैरे काही नव्हतं. मी टक्क जागा होतो. आठ कागद झाले. नववा भरत आला आणि माझी मोटर जळली.

मॅडम त्याच संध्याकाळी कागद घेऊन प्रयोगशाळेत गेल्या आणि समिती बसली तेव्हा आकडे घेऊन हजर झाल्या. त्या एका दुपारी कागदांवर जेवढं शिसं आलं, तेवढं आधीच्या तीन वर्षांत मिळून आलं नव्हतं. शाळा हलली. ढिगावर मातीचा आणि दगडांचा जाड थर पडला. मला मात्र नवी मोटर मिळाली नाही; माझ्या जागी नवं यंत्र गेलं आणि मी या जिन्याखाली आलो. वाईट वाटतं कधीकधी. झाडणारा माणूससुद्धा मला वळसा घालून जातो.

गेल्या महिन्यात शिपाईकाका भिंगरीला रक्त तपासायला शहरात घेऊन आले होते. शिसं उतरतंय, पण हळूहळू. काही हाडांत राहून गेलंय, असं डॉक्टर म्हणाले. परत जाताना दोघं मला भेटायला आले. काकांनी खिशातून रुमाल काढून माझं छप्पर पुसलं.

"आजोबा, शाळा घोरोबामुळेच हलली ना?" भिंगरीने विचारलं.

"त्याच्यामुळे हलली," काका म्हणाले. "माझ्यामुळे उशिरा हलली."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. ती माझ्याशेजारी पायरीवर बसून सातचा पाढा म्हणू लागली. एकेकाळी तो तिला घडाघडा यायचा. सात चोकवर ती अडली. काकांनी सांगितलं नाही, ते नुसते थांबले.

मित्रांनो, कुठल्या गच्चीवर माझा एखादा भाऊबंद घोरताना दिसला, तर त्याच्यावर जरूर माया करा. रोज सकाळी त्याला पुसा, त्याच्या मोटरीला तेलपाणी करा, आणि मोटर जळली तर नवी बसवा. फक्त वादळ आलं की त्याला उघडा राहू द्या. आणि तुम्ही घरात जा, दारंखिडक्या लावून घ्या.