खुर्चीतलं ‘आं’

माझ्या उरल्यासुरल्या केसांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझी कवळी कुत्र्यापुढे टाका.

माझ्या मावसबहिणीचे दोन मुलगे. थोरला दातांचा डॉक्टर, धाकटा आचारी. बहीण गेल्यावर वाटणी झाली. वरचा मजला थोरल्याला, रस्त्यालगतचं खालचं दुकान धाकट्याला. थोरल्याचे पेशंट सुजलेले गाल धरून जिना चढायचे आणि वाटेत दोनदा बसायचे. थोरल्याला ते दुकान हवं होतं. धाकटा नाही म्हणाला, त्यानं तिथं हॉटेल काढलं.

आता थोरल्याची खोड ऐका. पेशंटनं तोंड उघडलं, की याचं सुरू व्हायचं. कुठला सिनेमा बघा, कुठलं गाणं ऐका, सुट्टीत कुठल्या तळ्यावर जा. दोन्ही हात पेशंटच्या तोंडात. तो बिचारा काय बोलणार? “आं.”

“मग ठरलं,” थोरला म्हणायचा. आणि पुढच्या खेपेला हातात ड्रिल घेऊन विचारायचा, “गेला होतात का? कसं वाटलं?”

ड्रिलपुढे ‘नाही गेलो’ म्हणायची कुणाची छाती? लोक मुकाट्यानं जायचे. एक शिक्षिका त्या तळ्यावर जाऊन आली, डासांनी तिचा चेहरा असा फुगवला की नवऱ्यानं दारात नाव विचारलं. तरी खुर्चीत बसून म्हणाली, स्वर्ग आहे हो. एका पडेल सिनेमाला तर हॉल भरला, आणि अख्खा हॉल गालाला हात लावून बसलेला. मी स्वतः मधल्या रांगेत होते.

धाकट्याचं हॉटेल मात्र रिकामं. हात त्याचा सोन्याचा. कोंबडी अशी भाजायचा की घास तोडला की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकायचा. “मावशी, खाताना आवाज आला पाहिजे,” म्हणायचा. “मऊच गिळायचं तर मग आजारीच पडावं माणसानं.” सगळं त्या दुकानावर लावून बसला होता. ते बुडालं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं.

शेवटी बायकोनं ढकलून वर पाठवला. मी तिथंच बाकावर होते, कवळी घासायला दिली होती.

“दादा, तू सगळ्यांना सगळं सांगतोस. माझंही एकदा सांग ना.”

“अरे, आधी बोलायचंस की,” थोरला म्हणाला. “उद्यापासून सांगतो.”

आणि सांगितलं हो. शब्द पाळला. दाढ काढली की तो प्रत्येकाला म्हणायचा, “खाली माझ्या भावाकडे जा. इतकं मऊ जेवण गावात कुठे नाही. चावायचं कामच नाही.”

हॉटेल भरलं. अर्धं तोंड बधिर झालेली माणसं रुमाल धरून बसायची. सूप तोंडात कमी, मांडीवर जास्त. एकानं स्वतःचाच गाल चावला आणि कोंबडी चिवट म्हणाला. कुणी रक्त थुंकायला वाटी मागायचं. धाकटा गरम तव्यावरून भाजलेलं आणून ठेवायचा, तर ते म्हणायचे, “हे नको. डॉक्टर म्हणाले पातळ मिळतं.”

धडधाकट दातांचं एक गिऱ्हाईक आलं, दारातून आत बघितलं आणि उलट्या पावली गेलं. दुसरं आलंच नाही. गावात कुणी आजारी पडलं की म्हणायचे, आता याला तिकडचंच जेवण. धाकटा रात्रंदिवस दात खायचा. खाऊन खाऊन त्याचीच दाढ ठणकायला लागली.

तरी तो दाढेसाठी नव्हता आला. आला तो सरळ भांडायला. मी त्या दिवशीही बाकावर, आणि माझे दात थोरल्याच्या टेबलावर वाटीत.

“दादा, माझं नाव घेणं बंद कर,” तो म्हणाला. “बुडवलंस मला.”

“गाल केवढा सुजलाय तुझा. बस आधी. भांडण कुठे पळून जातंय?”

बसला गाढव. सुई टोचली, गाल लाकडासारखा झाला, आणि थोरल्यानं दोन्ही हात आत घातले.

“तुला एक सुचवू?” तो म्हणाला. “दुकान मला दे. पुढच्या भागात माझा दवाखाना येईल, मागं तुझी चूल राहील. माझ्या पेशंटना पेज, सूप, असलं काहीतरी तू करायचंस. चटका नको, कुरकुरीत नको. तुझ्यासाठीच सांगतोय.”

धाकट्यानं डोळे वटारले, पाय झाडले, खुर्चीचे हात गच्च धरले. मी बाकावरून ओरडले, पण दातांशिवाय माझ्या तोंडून निघाला तो नुसता फुसका वारा. मदतनीस बाईनं त्याची हनुवटी धरली.

“आं,” धाकटा म्हणाला. “आं, आं.”

“मग ठरलं,” थोरला म्हणाला, आणि दाढ उपटली.

खाली आल्यावर धाकट्यानं बायकोला बरंच काही सांगितलं, पण जीभ बधिर, तिला काही कळलं नाही. कळलं तेव्हा दुकानावर दवाखान्याची पाटी रंगवायला माणूस आला होता. आणि भांडून तरी काय करणार? गिऱ्हाईक एक उरलं नव्हतं. आता तो मागं पेज ढवळतो. आपल्या जेवणाला काही आवाज नाही, म्हणून तो भांडी आदळतो. थोरला पुढून म्हणतो, “जरा हळू रे, पेशंट आहेत.”

दाढ काढल्यावर थोरल्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “फार दुखलं का रे?”

हे मात्र मी आत्ताच पदरचं घातलं. बाकी सगळं खरं आहे. खरं म्हणजे त्यानं नुसते हात धुतले आणि म्हणाला, “पुढचा पाठवा.”